अर्धी पात

पात म्हणजे काय, हे ज्याने कधी निंदलं नाही त्याला आधी सांगायला हवं. बाया वावराच्या एका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ओळीनं बसतात. प्रत्येकीच्या वाट्याला पिकाची दोन तासं, म्हणजे दोन ओळी, आणि हातात खुरपं. बसल्या बसल्या पुढं सरकायचं, तण काढत समोरचा धुरा गाठायचा. सगळी ओळ तिकडं लागली की एक पात झाली. मग तोंड फिरवून दुसरी. आणि एकदा धरलेली पात अर्धी सोडायची नाही. सोडली तर पीक रुसतं, वावरातली लक्ष्मी उठून जाते, आणि उठणाऱ्या बाईचं नाव गावभर होतं. असा नेम होता. हा नेम कोणी केला, ते कोणी विचारत नव्हतं.

या नेमावर गावच्या हिंमतराव पाटलांची साठ एकर जमीन फुकटात जास्तीची निंदून निघत होती.

गाव वडनेर भोलजीच्या अलीकडं, सडकेपासून आत. साल त्रेसष्ट. बोली अशी की सकाळी आठला वावरात यायचं आणि साडेपाचची मलकापूर-खामगाव यष्टी सडकेवरून गेली की सुटायचं. घड्याळ कोणाकडंच नव्हतं, यष्टी सगळ्यांना दिसायची. फक्त मुकादम रंगरावला दिसायची नाही. या माणसाला दिवसभर सडकेवरची सायकलसुद्धा ओळखू यायची. अमक्याचा जावई आला, तमक्याचा बैल लंगडतो, सगळं दिसायचं. यष्टीच्या वेळेला मात्र तो बरोब्बर सडकेकडं पाठ करून उभा राहायचा.

पाचच्या सुमाराला ओळ धुऱ्याला लागली, बायांनी कमरा सरळ केल्या, की रंगराव म्हणायचा, "एवढी एकच पात घ्या वं. उन्हं हायेत अजून." बाया बसायच्या. बसल्या की उठता यायचं नाही. मग लवकर सुटावं म्हणून त्या जीव तोडून हात चालवायच्या, आणि त्यांचा हात चालतो हे पाहून रंगराव दुसऱ्या दिवशी पाचच्या ऐवजी सव्वापाचला नवी पात धरायला लावायचा. घाई करायची बायांनी आणि ती घाई जायची हिंमतरावांच्या पोटात. वर्षानुवर्षं असंच चाललं. अंधार पडल्यावर घरी यायचं, चुलीपुढं बसायचं, आणि नवऱ्यानं विचारायचं, इतका वेळ कुठं होती?

या ओळीत जनकाबाई होती. पुंजाजीची बायको. पुंजाजीचा गावाजवळ अर्ध्या एकराचा वांग्याचा मळा होता. तो वांगी पिकवायचा आणि वडनेरच्या बाजारात नेऊन विकायचा. तेवढ्यावर भागत नव्हतं म्हणून जनकाबाई निंदायला जायची. आता एवढ्यावर तिची गोष्ट लिहायचं कारण नव्हतं. पण ती पंचायतीची मेंबर होती.

ते असं झालं. नव्या कायद्यानं पंचायतीत दोन बाया पाहिजेतच, असं ठरलं. निवडणुकीत बाई उभी राहिली नाही, म्हणजे राहू दिली नाही, तर पंचायतीनं दोघी नेमून घ्यायच्या. हिंमतराव सरपंच झाले आणि त्यांनी दोन नावं घातली. एक त्यांची भावजय अन्नपूर्णाबाई. ती उंबऱ्याबाहेर येत नसे, तिच्या अंगठ्यासाठी रजिस्टरच घरी जायचं. दुसरी जनकाबाई. आपल्या रोजावरची बाई, आपल्यासमोर तोंड कशाला उघडेल, असं त्यांना वाटलं.

पहिली सभा सकाळी दहाला होती. जनकाबाई धुतलेलं लुगडं नेसून गेली. तासभर पुरुष बाजाराच्या शेडवर बोलत होते, ती ऐकत होती. मग म्हणाली, "खालच्या आळीच्या विहिरीचा कठडा पडला. थो कधी बांधता?"

सगळे हसले. त्या विहिरीत मागल्या उन्हाळ्यात केसरबाई दोरासकट गेली होती आणि हात मोडून वर आली होती. केसरबाईचा नवरा रामराव स्वतः मेंबर. तोही हसला. हिंमतरावही हसले, म्हणाले, "पाहू पुढच्या सभेत."

पुढच्या सभेची नोटीस निघाली: वेळ सायंकाळी सहा. त्यानंतरची सहा. त्यानंतरचीही सहा. आणि गंमत अशी की ज्या दिवशी सभा, त्या दिवशी रंगराव ओळ नेऊन लावायचा नाल्याच्या वावरात. हिंमतरावांचं सगळ्यात लांबट वावर ते, एका पातीला दीड तास खाणारं आणि गावापासून सगळ्यात दूर. जनकाबाई चिखलाचे हातपाय घेऊन पळत पंचायतीत पोचायची तेव्हा शिपाई कारभारी कुलूप लावत असायचा.

असे पाच महिने गेले. सहाव्या महिन्याची नोटीस घेऊन कारभारी तिच्या दारात आला. जनकाबाई प्रौढांच्या वर्गात सहीपुरती अक्षरं शिकली होती. तिनं 'जनका' असं सावकाश लिहिलं. कारभारी निघेना.

"वयनी, एक सांगू का? माह्यं नाव घेऊ नका."

"सांग ना बाप्पा."

"या खेपीले नाई आल्या त सहा महिने भरतात तुमच्या गैरहजेरीचे. मंग तुमचं नाव खलास. सरपंचानं ठराव लिवून बी ठेवला. मीच कागद नेऊन देल्ला ग्रामसेवकाले."

जनकाबाईच्या हातात टाक तसाच राहिला. "माह्या जागी कोनाले घेऊन राह्यले?"

"त्याइच्या बहिनीले."

"थे तरी बोलन का कठड्याचं?"

"थे कुठून बोलते? थे त बहिरी हाय."

जनकाबाईला तेव्हा कुठं नाल्याचं वावर कळलं. पाच महिने ती स्वतःलाच दोष देत होती. आपला हात मंद, आपण मागं पडतो. आणि हा माणूस तिला तिच्याच कष्टानं बांधून ठेवत होता. सहाची सभा लावायची सरपंचानं, सहाला वावरात अडकवायचं मालकानं, आणि दोघं एकाच धोतरात.

रात्री जेवताना तिनं पुंजाजीला सांगितलं. पुंजाजी शांत माणूस. तो म्हणाला, "सोडून दे ना मेंबरी. उद्या कामाले बलावलं नाई त काय करशीन?"

"तुह्या वांग्यात निंदीन."

"वांग्यात चार दिवसाचं काम नाई. काल त तूच अर्ध्यावर सोडून आली."

"काऊन सोडली? दिवस बुडाला, भाकरी कोन टाकन मंग?"

एवढं बोलून जनकाबाई थांबली. घास हातातच. "ओ, मी काल पात अर्धी सोडली ना आपल्या वांग्यात?"

"सोडली."

"मंग रुसले का वांगे?"

"रुसाले काय झालं? आज सकाळी टोपलंभर तोडले."

सभेच्या दिवशी ओळ लागली, अर्थात, नाल्याच्या वावरात. बावीस बाया. भादव्याचं ऊन, कपाशीची पऱ्हाटी मांडीएवढी, तण तिच्याहून जोरात. दुपारी बाभळीखाली भाकरी सोडल्या तेव्हा जनकाबाईनं सगळं सांगून टाकलं. ठरावाचा कागद, बहिरी बहीण, सगळं. फक्त कारभाऱ्याचं नाव गिळलं.

"मी येस्टी गेली की उठनार," ती म्हणाली. "पात कुठंबी असो."

बायांचे चावणारे जबडे थांबले.

"अर्धी पात?" केसरबाई म्हणाली. "बाई बाई! पीक जळन ना."

"कोनाचं जळलं सांग. तुह्या वावरात संध्याकाळ झाली त तू काय करतं? कंदील लावून निंदतं का?"

"आमचं येगळं."

"काऊन येगळं? लक्ष्मी काय पाटलाच्याच वावरात रायते? आपल्या घरची अर्धी पात सोडून येतो तवा कोन रुसत नाई. पाटलाची सोडली की लक्ष्मी लगेच लुगडं सावरून उठते!"

दोघीतिघी खुदकन हसल्या. सगळ्यांच्या नजरा गोजरबाईकडं गेल्या. गोजरबाई ओळीतली सगळ्यात म्हातारी. तिच्या दोन्ही सुना याच ओळीत होत्या. तिनं पाणी प्यायलं, तोंड पुसलं.

"माह्यी सासू याच वावरात होती," ती म्हणाली. "पाटलाच्या बापाच्या वक्ताले. तवा येस्टी नव्हती. दिवस डोंगराले टेकला की उठायच्या बाया. पात अर्धी का पुरी, कोन पाह्यत नव्हतं."

"मंग हा नेम कोनं काढला?"

"पाटलाच्या बापानंच. एका साली लय तन माजलं तवा." तिनं तांब्या बाजूला ठेवला. "पन म्या कधी सोडली नाई वं. साठ वर्साची झाली. आता शेवटी शेवटी नाव खराब करू का?"

जनकाबाईनं पुढं काही विनवलं नाही. भाकरीचं फडकं झटकलं आणि उठली. जिला स्वतःच्या उठण्याचीच भीती वाटते तिला कोण उठवणार?

साडेपाचला सडकेवर धूळ उठली. यष्टी आली, गेली. ओळ वावराच्या मधोमध होती, दोन्ही धुरे सारखेच लांब. रंगराव सडकेकडं पाठ करून तंबाखू मळत होता.

जनकाबाईनं शेजारून बाभळीची एक काटकी उचलली, आपण थांबलो तिथं मातीत रोवली आणि उभी राहिली.

"काऊन वं?" रंगराव ओरडला. "पानी प्याचं का?"

"सुटली मी. सभा हाय सहाची."

"बस खाली! मेंबर झाली म्हनून काय वावर मोडतं? पात होऊ दे, मंग जाय कुठं मराले जायाचं थे."

"पात होईस्तोवर सभा होते. सकाळी इथूनच धरीन. काटकीची खून करून ठेवली."

"सकाळी? सकाळी तुले इथं कोन येऊ देते वं? चालली त कायमची चालली समज!"

रोजावर पोट असलेल्या बाईला हे शब्द काय असतात ते ज्याने रोज केला त्यालाच ठाऊक. वांग्याचा अर्धा एकर जनकाबाईच्या डोळ्यापुढून गेला. मग तिनं पदर खोचला आणि चालायला लागली. एक पाऊल, दुसरं. मागं खुरप्यांचाही आवाज नाही.

मग हाडं मोडल्यासारखा आवाज झाला. गोजरबाईचे गुडघे. म्हातारी हातावर भार देऊन उठत होती.

"रंग्या," ती म्हणाली, "एक काटकी दे इकडे."

"काय?"

"काटकी. कान गेले का? तुह्या बारशाच्या घुगऱ्या म्या वाटल्या गावात, आन तू मले काटकी नाई देत?"

रंगरावला काय झालं कोण जाणे. सवयीनं म्हणा, लाजेनं म्हणा, त्यानं वाकून काटकी उचलली आणि म्हातारीच्या हातात दिली. गोजरबाईनं ती रोवली. कपाळाला माती लावली. "रुसली त रुसली," ती वावराकडं पाहून म्हणाली. "मी चाळीस वर्सं रुसून हाय, मले कोन मनवाले आलं?"

तिच्या मागं तिच्या दोन्ही सुना उठल्या. मग केसरबाई. मग एकदम सगळ्या, पाखरांचा थवा उडावा तशा. दोन मिनिटांत वावराच्या मधोमध बावीस काटक्या उभ्या राहिल्या.

रंगराव भानावर आला तो सरपंचाला खबर द्यायला धावला. पण गावाकडं जाणारी पायवाट एका माणसापुरती, दोन्हीकडं पाणी भरलेली पऱ्हाटी, आणि पुढं बावीस बाया ओळीनं.

"सरका, सरका वं!"

"सरकाले जागा कुठी हाय मुकादम?" मागची म्हणाली. "आमी काय पऱ्हाटी तुडवाव का? पीक रुसन ना!"

रंगराव वावरातून आडवा घुसला आणि पोटरीपर्यंत रुतला. एक वहाण चिखलातच राहिली. बाया इतक्या हसल्या की पुढं निघून गेलेली जनकाबाई मागं वळून पाहायला लागली, आणि तेव्हा तिला कळलं की आपल्या मागं कोण कोण आहे. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि आणखी जोरात चालायला लागली.

पंचायतीच्या खोलीत सतरंजीवर मेंबर बसले होते. एरवी सव्वासहाशिवाय न येणारे हिंमतराव आज लवकर येऊन बसले होते. भिंतीवरच्या घड्याळात सहाला पाच कमी. हिंमतराव ग्रामसेवकाला म्हणाले, "चला, करा सुरू. लोकायले घरी जायाचं हाय."

ग्रामसेवक कागद उचलून वाचू लागला, "विषय पहिला. सदस्या जनकाबाई पुंजाजी या मागील सहा महिने सतत गैरहजर असल्यानं त्यांचं सदस्यत्व..."

"हावो, आली मी," दारातून आवाज आला. "वाचा पुढे."

जनकाबाई कोपरापर्यंत मातीनं भरलेली होती. खुरपं कमरेला. ती सरळ रजिस्टरकडं गेली.

"सभा सुरू झाली," हिंमतराव म्हणाले. "आता सही नाई होत."

ग्रामसेवक भित्रा माणूस होता. बाहेरगावचा, बायको आजारी, बदलीच्या भीतीनं जगणारा. त्यानं घड्याळाकडं पाहिलं, हिंमतरावांकडं पाहिलं, मग परत घड्याळाकडं पाहिलं. "साहेब," तो म्हणाला, "नोटिशीत सहा लिहिलंय. अजून पाच मिनिटं आहेत." आणि रजिस्टर तिच्यापुढं सरकवलं.

ज. न. का. तिनं अक्षरं इतकी सावकाश काढली की खोलीत टाकाचा आवाज ऐकू येत होता.

"तू वावरात होती ना?" हिंमतराव म्हणाले.

"होती."

"मंग पात झाली?"

"नाई झाली. अर्धीच हाय. काटकी रोवून आली."

मेंबरांतला एकजण "अरे बाप्पा!" म्हणाला. हिंमतरावांचा चेहरा काळवंडला. "माह्या वावरात अर्धी पात? आजवर कोनाची छाती झाली नाई! कामावरून पयून येतं आन इथं तोंड वर करून सांगतं?"

"पयून नाई पाटील, सुटून आली. साडेपाचची बोली हाय. आन सहाची सभा तुमीच लावली. तुमच्याच नोटिशीनं आली मी. सरपंचाचं आयकू का मालकाचं, थे तुमी दोघं आपसात ठरवा."

कोणीतरी हसू दाबलं. ते खोकल्यासारखं बाहेर आलं.

"आन पाटील," जनकाबाई म्हणाली, "अर्धी पात एक नाई. बावीस हायेत."

हिंमतरावांनी दाराकडं पाहिलं. दारात गोजरबाई होती. ओसरीत बाया होत्या. दोन्ही खिडक्यांच्या गजांना चेहरे लागले होते. साऱ्या चिखलानं भरलेल्या, साऱ्यांच्या हातात खुरपी. त्यांतल्या पाचजणी आत बसलेल्या मेंबरांच्या कोणी ना कोणी होत्या, कोणाची बायको, कोणाची आई, कोणाची भावजय. सरपंचाच्या पायाशी बसून मान डोलावणारे ते मेंबर आता सतरंजीच्या दशा मोजू लागले.

पहिला विषय तिथंच मेला. ग्रामसेवकानं त्यावर रेघ मारली.

"आता माहा विषय," जनकाबाई म्हणाली. "खालच्या आळीच्या विहिरीचा कठडा. सहा महिन्याआधी पुढच्या सभेत पाहू म्हनले होते. ही पुढची सभा."

"हा विषय नोटिशीत नाई."

ग्रामसेवकानं घसा साफ केला. आज त्याला काय चढलं होतं कोण जाणे. "अध्यक्षांच्या परवानगीनं येणारे विषय, असं शेवटी आहे साहेब. दर नोटिशीत असतं."

हिंमतरावांनी खिडकीकडं पाहिलं आणि परवानगी दिली. त्यांना वाटलं, मत घेऊ, पडेल. नऊ मेंबर, त्यांतली भावजय घरी. राहिले आठ. आजवर त्यांच्याविरुद्ध हात वर झाला नव्हता.

"कठड्याच्या बाजूनं कोन?"

जनकाबाईचा हात वर गेला. मातीचा. एकटाच. दोन क्षण तो एकटाच राहिला.

खिडकीतून केसरबाईचा आवाज आला, "ओ, आयकलं का? हात उचला ना."

रामराव मान खाली घालून बसला होता. "तू घरी चाल," तो पुटपुटला.

"घरी त येतोच. पन हात उचला आधी. माह्यावाला मोडेल हाय, कोपरातून वरच जात नाई. तुमचा त साबूत हाय ना?"

सगळी ओसरी हसली. रामरावचे कान लाल झाले. हात मात्र वर गेला. मग त्याच्या शेजाऱ्याचा, कारण त्याची आई दारात उभी होती. मग आणखी एक. मग आणखी एक. ग्रामसेवकानं बोटानं मोजले. पाच.

हिंमतरावांचा हात मांडीवरच होता. ग्रामसेवकानं लिहिलं: ठराव मंजूर.

बाया बाहेर पडल्या तेव्हा उजेड होता. गल्लीतली माणसं पाराजवळ उभी राहून पाहत होती, जशी काही वरात निघाली होती. गोजरबाईनं घरी जाऊन तुरीची डाळ सुपात घेतली आणि ओट्यावर बसून निवडू लागली. तिनं सुनेला हाक मारली. "हे पाय वं, केवढे खडे हायेत! आजलोग आपन खाल्ले कसे?"

"अंधारात," सून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हिंमतरावांनी सांगून पाठवलं की बावीसपैकी एकीनंही वावरात पाय ठेवायचा नाही. बाया घरी राहिल्या. काही घरांत भांडणं झाली, ते लपवत नाही. एका बाईला नवऱ्यानं मारलंही. पुंजाजीनं मात्र सकाळी वांग्याचं टोपलं जनकाबाईच्या डोक्यावर दिलं आणि म्हणाला, "चाल, बाजाराले जोडीनं जाऊ. तुहा आवाज मोठा हाय."

तिसऱ्या दिवशी रात्रीतून पाऊस पडला, चौथ्या दिवशी कडक ऊन. तण याचीच वाट पाहत असतं. पऱ्हाटी दिसेना इतकं ते माजलं. रंगरावनं धावत जाऊन शेजारच्या गावाहून बैलगाडीनं पंधरा बाया आणल्या. त्या नाल्याच्या वावरात बसल्या. मधोमध काटक्यांची रांग पाहून एकीनं विचारलं, "हे काय हो मुकादम?" रंगराव तंबाखू मळायला लागला. ती बाई काही बुद्दू नव्हती. दुपारी नाल्यावर पाणी प्यायला गेली तेव्हा धुणं धूत बसलेल्या गोजरबाईच्या सुनेकडून तिला सगळं कळलं. साडेपाचला सडकेवर धूळ उठली आणि पंधराच्या पंधरा बाया उठून गाडीत जाऊन बसल्या. रंगरावला म्हणाल्या, "हाका आता. येस्टी गेली."

सहाव्या दिवशी सकाळी रंगराव गोजरबाईच्या ओट्यापाशी उभा होता. पायात नवी वहाण.

"पाटील म्हनते, या."

"किती वाजेलोग?"

रंगरावनं इकडंतिकडं पाहिलं. "येस्टीलोग."

"मोठ्यानं सांग. म्हातारीले कमी आयकू येते."

"येस्टीलोग!" रंगराव ओरडला. समोरच्या तीन घरांतून बाया बाहेर आल्या.

"आन जनकी?"

"थे बी येऊ दे म्हनले."

"येऊ दे नाई. जाऊन बलाव तिले."

त्यानं बोलावलं.

तेव्हापासून त्या गावात बाया यष्टीला उठतात. पात कुठंही असो. पीक त्या साली चांगलं आलं, कोणी रुसलं नाही. कठडा दिवाळीच्या आत बांधून झाला.

हिंमतराव मात्र हरलेले नव्हते, निदान त्यांना तसं वाटत होतं. पुढच्या महिन्यात कारभारी नोटीस घेऊन थेट वावरात आला. जनकाबाईनं अक्षरं जुळवत वाचायला घेतलं, पण रंगरावनंच मान लांब करून आधी वाचलं.

"उद्या दुपारी दोन," तो म्हणाला.

ओळ थांबली. सगळ्यांना कळलं. आता सहाला अडकवता येत नाही म्हणून भर दुपारी.

रंगरावनं तंबाखूची चंची काढली, परत ठेवली. मग कोणाकडंही न पाहता म्हणाला, "दोनची सभा म्हनल्यावर दीडले निंघा लागन. उद्या सडकेच्या वावरात लावतो ओळ. तिथून गाव जवळ पडते."

"मुकादम!" केसरबाई ओरडली. "पाटील खाईन तुमाले!"

"खाऊ दे. मले बी घरी चूल हाय," रंगराव म्हणाला. "येस्टीले सुटाले लागलो तवापासून भाकर गरम भेटून राह्यली."

जनकाबाईनं सही केली. गोजरबाई म्हणाली, "तू जाय दीडले. आमी पात पुढे घेतो."

"तुमी काऊन पात घेता?" जनकाबाई म्हणाली. "खिडकीत कोन उभं राहीन मंग?"